गोणपाट आणि पंगत

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या दाखल-पुस्तकात एका मुलाचे नाव चढले : भिवा रामजी आंबेडकर. इंग्रजी पहिली. नोंदणी क्रमांक १९१४. महाराष्ट्रात हा दिवस आज 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो, आणि त्या पानाचे छायाचित्र दरवर्षी हजारो हातांतून फिरते.

त्या पानावर मुलाचे नाव आहे, पण त्याची बसण्याची जागा नाही. ती जागा पुढे त्यानेच आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली. वर्गाचा एक कोपरा, आणि खाली घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा. शाळा सुटली की तो तुकडा पुन्हा घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी काढायची आणि नळ उघडायला शिपाई येईपर्यंत थांबायचे. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही.

याच आठवणींत आणखी एक तपशील आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. घरातले कपडे बहिणी धूत आणि भावांचे केसही त्याच कापीत. साताऱ्यात धोबी आणि न्हावी होते, त्यांना देण्यापुरते पैसेही घरात होते. वडील रामजी सुभेदार पेन्शनर होते आणि कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. म्हणजे हे घर दरिद्री नव्हते. या मुलाच्या वर्गात त्याच्याहून गरीब घरची मुले असणारच, पण ती मुले बाकावर बसत होती.

शाळेत निरनिराळ्या थरांतली मुले एकत्र आली की त्यांची दृष्टी आपोआप विशाल होते, असे म्हणणाऱ्याने प्रथम हा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. एका छताखाली, एका फळ्यासमोर, एकाच गुरुजींपुढे सर्व जातींची मुले होती. त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांनी त्या वर्षी नेमके काय शिकले? अंकगणित शिकले, इंग्रजी मुळाक्षरे शिकले, आणि रोज डोळ्यांनी पाहून हेही शिकले की काही मुलांची जागा कोपऱ्यातच असते.

सरकारी कागदांवर हा प्रश्न तेव्हा सुटलेला होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळेने तो नाकारला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला आणि सरकारने हात वर केले : एका मुलासाठी बाकीची सारी मुले शाळा सोडून जातील, असा तो युक्तिवाद होता. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी धोरण स्पष्ट केले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना सारख्याच खुल्या राहतील. तत्त्व निर्विवाद झाले. पुढे शाळेचा दरवाजा बेचाळीस वर्षे कायद्याने उघडा होता आणि आत गोणपाट होते.

आता साताऱ्यातून दक्षिणेकडे, कोल्हापुरात यावे.

शाहू छत्रपतींच्या हाती १८९४ साली राज्यकारभार आला. खेड्यांतल्या मुलांनी शिकायचे तर शहरात राहायला जागा हवी, जेवायला हवे, हे त्यांनी लवकर ओळखले. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. ते सर्व जातींसाठी होते. काही वर्षांतच ते प्रत्यक्षात एकाच जातीचे होऊन बसले. व्यवस्था ब्राह्मणांच्या हाती, स्वयंपाकघर सोवळ्याचे, आणि ज्याला त्या स्वयंपाकघराचे नियम परके होते तो मुलगा आपोआप बाहेर. नियम कोणी केलेला नव्हता. सगळे चुलीपाशी ठरले.

महाराजांनी यातून काढलेला निष्कर्ष आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकणारा आहे. त्यांनी सरमिसळीचा हट्ट सोडला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, मग मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची वसतिगृहे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर झाले, आणि प्रत्येक वसतिगृहाची पंगत निराळी.

ही माघार होती काय? तशी टीका करणे सोपे आहे. पण १९०१ सालच्या खेड्यातल्या बापाच्या जागी उभे राहून पाहिले तर हिशोब निराळा दिसतो. पोराला पहिल्यांदाच वेशीबाहेर पाठवायचे, तेही शिकायला. आपल्याच समाजाचे वसतिगृह असेल तर तो पाठवील. नसेल तर पोरगे गुरांमागे जाईल. जातीच्या नावाने निधी उभा राहतो, जातीतले धनिक देणगी देतात, हेही महाराजांनी जाणले होते. आधी शिक्षण, मग मिसळण, असा तो क्रम होता. शाळेच्या वर्गाबाबत मात्र महाराज एवढे थांबले नाहीत. १९१९ च्या सप्टेंबरात त्यांनी हुकूम काढला की, संस्थानातल्या अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा येत्या दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवावे.

तो दसरा लक्षात ठेवण्याजोगा आहे, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

जैन बोर्डिंगात राहणाऱ्या मुलांत एक धिप्पाड, अभ्यासात यथातथा आणि स्वभावाने हट्टी मुलगा होता : भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, गाव कुंभोज. राजाराम हायस्कुलात शिकत होता. चरित्रकार सांगतात ती हकिकत अशी की, मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाचा समारंभ पाहून तो बोर्डिंगवर परतला. विटाळ झाला, तेव्हा स्नान करून मगच भोजनगृहात ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने स्नान करण्यास नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्याचे नाव कमी झाले.

या प्रसंगाकडे बंडखोरीची कथा म्हणून पाहिले जाते, ते ठीकच आहे. पण त्यात शिक्षणाच्या इतिहासाचा एक पेचही दडलेला आहे. जातवार वसतिगृह नसते तर हा शेतकऱ्याच्या वळणाचा मुलगा कोल्हापुरात शिकायला राहिलाच असता की नाही, कोण जाणे. त्या वसतिगृहाने त्याला शहर दाखवले, शाळा दाखवली, महाराजांचे काम जवळून पाहण्याची संधी दिली. आणि त्याच वसतिगृहाने आपली कुंपणरेषाही दाखवली. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीने केल्या.

मॅट्रिकची मजल काही भाऊरावांनी गाठली नाही. पुढची वर्षे पोटापाण्यात गेली : ओगले यांचे काचसामान, किर्लोस्करांचे नांगर, साताऱ्यात कूपर यांचा कारखाना. नांगर विकणारा माणूस गावोगाव हिंडतो, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याची पोरे अंगणात काय करत आहेत ते पाहतो. फिरतीवरच्या या माणसाला सत्यशोधक समाजाच्या सभांचा नाद होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधकांच्या परिषदेत त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दिवस विजयादशमीचा. शाहू महाराजांच्या हुकुमाप्रमाणे स्वतंत्र शाळा बंद व्हायच्या होत्या, तोच हा दसरा.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह उघडले. गोणपाट घेऊन जाणारा मुलगा ज्या गावातल्या रस्त्यांवरून शाळेत जात असे, तेच गाव. मधे फक्त चोवीस वर्षे गेलेली.

१९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. नाव जातवार वसतिगृहे काढणाऱ्या राजाचे, आणि व्यवस्था त्याच्या नेमकी उलट. येथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, रामोशी असा भेद न करता सारी मुले एका घरात राहत आणि एका पंगतीला जेवत. भाऊरावांनी गुरूला नाकारले असे मात्र कोणी समजू नये. गुरू जिथवर पोहोचला होता, तिथून त्यांनी पुढचे पाऊल टाकले.

हे वसतिगृह इतरांपेक्षा वेगळे कशाने ठरले, हे जरा थांबून पाहिले पाहिजे. एकत्र राहावे असा उपदेश करणारे लोक त्या काळी महाराष्ट्रात पुष्कळ होते. प्रार्थनासमाजी होते, सुधारक होते, वर्षातून एखादे सहभोजन करून वर्तमानपत्रात नावे छापून आणणारेही होते. सहभोजन हा एका संध्याकाळचा प्रसंग. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकजण आपापल्या चुलीकडे परत जातो. साताऱ्याच्या बोर्डिंगात परत जायला दुसरी चूलच नव्हती.

शिवाय या चुलीपाशी आचारी नव्हता. मुले आळीपाळीने पीठ मळत, भाकरी थापत, पाणी भरत, भांडी घाशीत, झाडलोट करीत. ही व्यवस्था काटकसरीपोटी आली, यात शंका नाही; आचाऱ्याला द्यायला संस्थेपाशी पैसाच नव्हता. पण परिणाम काटकसरीपेक्षा फार दूर गेला. आज ज्याच्या हातची भाकरी मराठ्याच्या मुलाने खाल्ली तो मांगाचा मुलगा, आणि उद्या पाळी उलट. कोण कोणाच्या हातचे खातो, हा तर जातिव्यवस्थेचा गाभा. तो गाभा येथे व्याख्यान न देता, केवळ कामाचे वेळापत्रक लावून पोखरला गेला.

दुसरी गोष्ट श्रमाची. मुले शेतात राबत, खडी फोडत, बांधकामावर जात, आणि त्या कष्टावर त्यांचे शिक्षण चाले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य पुढे पाटीवर आले, आधी ते कुदळीवर होते. 'कमवा आणि शिका' या नावाने ही रीत महाराष्ट्रभर पसरली. इथेही सरमिसळीचे एक गुपित आहे. वर्गात हुशार मुलगा पुढे असतो आणि घरी अक्षरओळख नसलेला मागे. शेतात ही उतरंड टिकत नाही. तिथे ज्याला बैल आवरता येतो त्याची किंमत, आणि तो बहुधा वर्गात मागे बसणारा असतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी. कर्मठ जैन घरात वाढलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने सर्व जातींची पोरे आणून सोडली, तेव्हा त्यांच्या मनात काय चालले असेल, याची नोंद त्यांच्या शब्दांत उरलेली नाही. उरली आहे ती कृती. बोर्डिंगात धान्य संपले की एकेक दागिना गेला. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. शाळेची सरमिसळ मुलांना काय देते याची चर्चा पुष्कळ होते. ती मोठ्या माणसांकडून काय घेते याचा हिशोब बहुधा कोणी मांडत नाही.

१९३२ मध्ये पुणे करार झाला. गांधी आणि आंबेडकर यांच्यातल्या त्या समझोत्याची खूण म्हणून भाऊरावांनी पुण्यात 'युनियन बोर्डिंग हाउस' काढले. देशातले दोन थोर पुरुष जागांच्या संख्येवर अटीतटीने बोलत होते, त्या करारानंतर एका माणसाला सुचलेली गोष्ट म्हणजे मुलांसाठी एक सामाईक घर.

या घरांतून बाहेर पडलेल्या मुलांचे काय झाले, हा खरा प्रश्न. याचे उत्तर आकड्यांत मांडता येत नाही, कारण कोणी तेव्हा मोजमाप केले नाही. पण माग काढता येतो. १९३५ मध्ये साताऱ्यात संस्थेने ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यात घडलेले शिक्षक डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर गेले. संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा त्या काळात शेकड्यांनी निघाल्या. ज्या तरुणाने चार वर्षे सर्व जातींच्या मुलांसोबत भाकरी थापली, तो पुढे गावच्या शाळेत मास्तर म्हणून उभा राहिला तर कोपऱ्यातला गोणपाट त्याच्या नजरेला खटकेल, एवढे अनुमान काढायला हरकत नसावी. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. खेड्यातून आलेला एक बोर्डिंगचा विद्यार्थी बॅरिस्टर पी. जी. पाटील झाला, केंब्रिजला जाऊन आला, परतून त्याच संस्थेत काम करू लागला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले तेव्हा वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह पुरते सार्थ झाले होते.

इकडे अमेरिकेत १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाचा पूर्वग्रहांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. ऑलपोर्टचे म्हणणे असे की, दोन समूह नुसते जवळ आले म्हणून त्यांच्यातला पूर्वग्रह जात नाही; कधी तो वाढतोसुद्धा. तो कमी व्हायचा तर चार गोष्टी लागतात. भेटीत दोघांचा दर्जा समान हवा. उद्दिष्ट एक हवे. ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे. आणि वरच्या अधिकाराचा, म्हणजे कायद्याचा, संस्थेचा, वडीलधाऱ्यांचा, त्याला खुला पाठिंबा हवा.

हे चार मुद्दे घेऊन पुन्हा साताऱ्यात यावे. १९०० च्या वर्गात जवळीक होती, दर्जा समान नव्हता आणि अधिकार कोपऱ्याच्या बाजूने होता. पूर्वग्रह कमी होण्याचे कारणच नव्हते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना गुरुजींनी फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे बाटतील म्हणून मुले ते काढायला धावली, असा प्रसंग धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. मुंबई शहर, नामवंत सरकारी शाळा, आणि गोष्ट पुन्हा अन्नापाशीच येऊन थांबलेली. उलट १९२४ च्या बोर्डिंगात पाळी सर्वांना सारखी होती, पोट भरणे हे उद्दिष्ट एक होते, एकट्याने भाकरी भागत नव्हती, आणि पाठीशी भाऊरावांसारखा माणूस उभा होता. ऑलपोर्टचा ग्रंथ येण्याच्या तीस वर्षे आधी.

एवढे म्हटल्यावर एक उणीवही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. साताऱ्याच्या बोर्डिंगात जातींची सरमिसळ होती, पैशाची नव्हती. तिथे येणारी मुले सगळ्या जातींची असली तरी बहुतेक सारी गरीबच होती. सावकाराचा, वकिलाचा, मामलेदाराचा मुलगा खडी फोडायला तिथे येणार नव्हता. भूक सर्वांची सारखी असल्यामुळे जात विसरणे सोपे गेले असेल काय? काही अंशी गेलेच असेल. श्रीमंत घरचे मूल गरीब घरच्या मुलाशेजारी बसले तर त्याच्या मनात काय घडते, या प्रश्नाला रयतच्या प्रयोगाने हात घातला नाही. त्या काळच्या महाराष्ट्रात तो कोणीच घातला नाही.

तो हात घातला कोठारी आयोगाने. १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी, आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक, हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेला हा माणूस; खेड्यातली शाळा त्याला कागदावरून कळलेली नव्हती. १९६६ च्या अहवालात आयोगाने सामाईक शाळापद्धती सुचवली. परिसरातली सर्व मुले, घर कोणाचेही असो, परिसरातल्याच शाळेत जातील. गरीब मुलांचे भले व्हावे एवढ्यापुरता हा विचार नव्हता. वेगळ्या शाळांत वाढणाऱ्या सधन मुलांचेही शिक्षण अपुरे राहते, कारण आपल्याच देशातल्या बहुसंख्यांचे जगणे त्यांना कधी दिसत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. वीस वर्षांत हे घडावे अशी अपेक्षा होती. घडले नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र काही काळ ते न ठरवता घडले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव त्यांच्या शाळा झाल्या, आणि गावात दुसरी शाळाच नसल्यामुळे बागायतदाराचा आणि त्याच्या सालगड्याचा मुलगा एका सतरंजीवर बसले. आज साठीत असलेली पिढी ही शाळा पाहून आलेली आहे. मग विनाअनुदानित शाळांचा काळ आला, इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसगाड्या गावच्या फाट्यावर येऊ लागल्या, आणि ज्यांना फी परवडली ती मुले त्या बसमध्ये चढून गेली. सतरंजी राहिली, तिच्यावर एकाच थरातली मुले राहिली.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अंमल १ एप्रिल २०१० पासून. शाळाचालक न्यायालयात गेले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कलम उचलून धरले, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. त्या काळात दिवाणखान्यांत बोलली जाणारी भीती मात्र जुनीच होती, १८५६ च्या धारवाडची : 'ती' मुले आली की आमची मुले बिघडतील, शाळेचा दर्जा घसरेल.

ही भीती खरी की खोटी, हे प्रथमच मोजून पाहण्याची संधी दिल्लीने दिली. स्वस्तात सरकारी जमीन घेतलेल्या तिथल्या खासगी शाळांना २००७ पासून एक-पंचमांश जागा गरीब मुलांना द्याव्या लागल्या. दरवर्षी खालच्या वर्गापासून ही मुले येत गेली, त्यामुळे एकाच शाळेत काही तुकड्यांना गरीब सहाध्यायी मिळाले आणि त्यांच्या लगेच वरच्या तुकड्यांना मिळाले नाहीत. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या फरकाचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातली सर्वांत चतुर कल्पना हजेरीपटाची आहे. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे पडत. म्हणजे एखाद्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल आले की नाही, हे केवळ वर्णमालेने ठरवले होते; आईबापांनी नव्हे, गुरुजींनी नव्हे. त्यामुळे नुसते एका वर्गात असणे आणि खरोखर एकत्र काम करणे यांतला फरक वेगळा काढता आला.

निष्पन्न काय झाले? ज्यांना गरीब सहाध्यायी लाभले ती सधन मुले अधिक उदार झाली, वाटणी करताना अधिक समतेने वागू लागली, गरीब मुलांसोबत खेळायला अधिक राजी झाली. एका प्रयोगात रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता : जोरात धावणारे गरीब मूल, की हळू धावणारे श्रीमंत मूल? बक्षीस ५०० रुपयांचे असताना फक्त ६ टक्के मुलांनी हळू धावणाऱ्या श्रीमंताला पसंती दिली. बक्षीस ५० रुपयांवर आले तेव्हा जवळजवळ एक-तृतीयांश मुलांनी हरणे पत्करले, पण गरीब मुलाचा हात धरला नाही. ज्यांना गरीब सहाध्यायी आधी लाभले होते त्यांच्यात हा भेदभाव १२ टक्के-बिंदूंनी कमी आढळला.

आणि दर्जाची भीती? गणित आणि हिंदी यांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, आणि वर्गातली शिस्तही काहीशी सैल झाली. हेही सांगितलेच पाहिजे. सोयीचे तेवढे सांगणे हा इतिहास नव्हे. किंमत शून्य नव्हती. पण पालकांनी जिचे भाकीत केले होते त्या मानाने ती फारच लहान होती. आणि आणखी एक गोष्ट पुढे आली : परिणामाचा मोठा भाग त्या मुलांत दिसला, ज्यांना गटात एकत्र बसून काम करावे लागले होते. साताऱ्याच्या बोर्डिंगातली भाकरीची पाळी इथे आद्याक्षरांच्या रूपाने परतलेली दिसते.

या अभ्यासाला एक मर्यादाही आहे. त्यात मुख्यतः सधन मुलांची दृष्टी मोजली आहे. त्याच वर्गात येऊन बसलेल्या गरीब मुलाला काय वाटले, सहलीचे पैसे भरायच्या दिवशी, वाढदिवसाच्या आमंत्रणाच्या दिवशी, डबा उघडताना, हे रिले शर्यतीतून कळत नाही. गोणपाटाची हकिकत आज ठाऊक आहे, कारण त्यावर बसलेल्या मुलाने ती स्वतः लिहून ठेवली.

महाराष्ट्रात या कहाणीचे सर्वांत अलीकडचे पान २०२४ चे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. शहरांत असे अंतर बहुतेक शाळांना लागू पडते, म्हणजे कलम पुस्तकात आणि मुले पूर्वीच्याच शाळेत. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. प्रवेशाची सोडत तोवर काढून ठेवलेली होती. तिची यादी या निकालानंतर जाहीर झाली. त्या वर्षीच्या शाळा सुरू होऊन तेव्हा महिना उलटला होता.